वाढपी

आमच्या गावाचं कागदावरचं नाव हिमायतनगर. रेल्वेच्या पाटीवर तेच, तहसीलच्या पाटीवरही तेच. पण आमच्या मायला विचाराल तर ती अजून वाढोणाच म्हणते. ‘मी वाढोण्यात नांदायला आले, तुमच्या त्या नगरात नाही,’ असं ती ठणकावून सांगते. या जुन्या नावाचा खरा अर्थ काय ते इतिहासवाल्यांनी बघावं. मी मराठीचा मास्तर. मी माझ्यापुरता अर्थ लावून मोकळा झालोय: वाढोणा म्हणजे वाढणाऱ्यांचं गाव.

मराठीत ताटात घालणं आणि अंगानं मोठं होणं, दोन्हींना क्रियापद एकच. आई वाढते, लेकरूही वाढतं. तेहतीस वर्षं क्रियापदं चालवलेला माणूस म्हणून सांगतो, मला हा कधी नुसता योगायोग वाटला नाही. आपलं सगळं बालसंगोपन या एका धातूवर उभं आहे. वाढलं की वाढतं, एवढं एकच कलम, पोटकलम नाही.

आणि मी पट्टीचा वाढपी आहे. सप्त्याचा काला असो की कुणाच्या लेकीचं लग्न, वरणाची बादली माझ्याच हातात येते. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला की लेचापेचा वाढपी पुढं सरकतो. मी सरकत नाही. मी आधी बोटांच्या फटीतून वरण सोडतो. वरण फार गरम असेल तर दयाबुद्धीनं बादली बाजूला ठेवतो आणि सरळ हातावरच भात वाढतो. हातावर भात पडल्यावर माणूस हात काढतोच, आणि हात काढला की खाली ताट असतंच. या कसबाच्या जोरावर मी भलेभले पाहुणे आडवे केले. त्यामुळे कोंबडीची बारा पिलं वाढवायची वेळ आली तेव्हा माझ्या मनात शंकेला जागाच नव्हती. बारा पिलं म्हणजे काय, अर्धी पंगतसुद्धा नाही.

पिलं आली ती परमेश्वराच्या जत्रेतून. आमच्याकडं महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. थंडी त्या दिवशी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते म्हणतात. ती दिवसापुरती जाते आणि रात्री परत मुक्कामाला येते, हे मला पुढं कळायचं होतं. पाळण्यांच्या पलीकडं एकजण सायकलीला जाळीचं टोपलं बांधून उभा होता. टोपल्यात गुलाबी, हिरवी, जांभळी पिलं. नात थबकली.

“आबा, ही खरी हायेत?”

“पिलं खरी आहेत, रंग खोटा आहे,” मी म्हणालो. हे वाक्य मी स्वतःच नीट ऐकायला हवं होतं.

“घेऊन जावा गुर्जी,” टोपलीवाला म्हणाला. “एकूण एक तलंगा निघत्यात. पाच महिन्यांत अंड्यावर.”

दहा रुपयाला एक, शंभराला बारा. टोपलीवाल्यानं खोक्याला भोकं पाडून दिली. खोकं छातीशी धरून घरी येईपर्यंत मी बारा तलंगांना वर्षाच्या अंड्यांनी गुणलं, घरच्या माणसांनी भागलं आणि उरलेली अंडी विकून टाकली. मराठीच्या मास्तरानं गणितात पडू नये.

खुराडं घरी होतंच. २०२१च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्याला बर्ड फ्लू निघून शेकडो कोंबड्या मेल्या, तेव्हा धास्तीनं आम्ही ते रिकामं केलं होतं. तेव्हापासून त्यात सरपण राहत होतं.

पहिल्या संध्याकाळी घरात पिलांच्या स्वयंपाकावरून बैठक बसली. माय म्हणाली, ज्वारीच्या कण्या. आमची ही म्हणाली, तांदळाची कणी, ती हलकी. सुनेनं मोबाइलवर बघून उकडलेल्या अंड्याचा चुरा सुचवला, तेव्हा माय हादरली. “अंड्यातून कालच निघालेल्या लेकराला अंडं? माय गे!” नातीनं स्वतःचं बिस्कीट पुढं केलं. मी कुणाचंच मन मोडलं नाही. स्टीलच्या मोठ्या ताटात डावी-उजवी बाजू सांभाळून सगळंच वाढलं, शेजारी वाटीत गुळाचं पाणी ठेवलं आणि बारा पिलं पंगतीला सोडली.

पिलं ताटात उभी राहिली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. एकानं कण्यांवर शी केली. दुसरं बिस्किटावर चढून डोळे मिटून बसलं. तिसरं गुळाच्या पाण्यात पडलं आणि बाहेर काढलं तेव्हा अर्ध्याच आकाराचं झालं होतं. त्याचा गुलाबी रंग वाटीत उतरून पाण्याचं सरबत झालं होतं. खाल्लं कुणीच नाही. “घ्या, घ्या, लाजू नका,” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पंगतीतलं ताट भरलेलंच परत गेलं.

रात्री मी खोक्यावर नऊ वॅटचा नवा एलईडी बल्ब टांगला. दिवसासारखा लख्ख उजेड पडला. पिलं रात्रभर ओरडत होती. चिवचिव नव्हे, कान फाडणारी एकसारखी किंकाळी. भुकेनंच, दुसरं काय असणार? मी बाराला उठून वाढलं, दोनला उठून वाढलं. चारच्या सुमारास आवाज थांबला. पोटं भरली वाटतं, म्हणून मी समाधानानं झोपलो.

सकाळी खोक्याच्या एका कोपऱ्यात सगळ्या पिलांचा ढीग होता. एकेक उचलत गेलो. वरची नऊ हलली. तळाची तीन चपटी होऊन पडली होती. नात उठायच्या आत मी त्यांना शेवग्याखाली पुरून आलो. माय पदर डोळ्याला लावून म्हणाली, “उपाशी गेली रं लेकरं.”

भिंतीपलीकडून शेजारच्या चाचीनं डोकं वर काढलं. चाचीचं आयुष्य कोंबड्यांत गेलेलं. तिनं ढीग ऐकला, ताट बघितलं, बल्ब बघितला.

“नई सर, भूक से नई मरे. थंड से मरे. एक पे एक चढके दब गए. पिल्लू तो पेट में डब्बा लेके आता.”

चाचीचं म्हणणं पुस्तकातही तसंच निघालं. अंड्यातला पिवळा बलक बाहेर यायच्या आधी पिलू पोटात ओढून घेतं. ही शिदोरी त्याला दोन-तीन दिवस पुरते. म्हणूनच एक दिवसाची पिलं खोक्यात घालून शेकडो किलोमीटर पाठवता येतात. अमेरिकेत तर १९१८पासून ती टपालानं जातात. म्हणजे माझी बारा पिलं जेवून आली होती. त्यांना हवी होती ती फक्त ऊब, आणि मी त्यांना बिस्कीट दाखवत बसलो होतो.

“और ये बल्ब?” चाची पुढं म्हणाली. “ये तो नुस्ता उजेड देता. गरमी किधर है इस में?”

ती गेली, पण हे वाक्य दिवसभर माझ्या डोक्यावर टांगलेलं राहिलं. तेहतीस वर्षांत मी वर्गात नेमका कोणता बल्ब होतो, याचा विचार करायची वेळ निवृत्तीनंतर आणि कोंबड्यांच्या निमित्तानं यावी, हे काही बरं नाही.

मग सुरू झाली जुन्या पिवळ्या बल्बची शोधाशोध. अर्धा बाजार पालथा घातल्यावर एका दुकानदारानं वरच्या फळीवरून धूळ झटकत साठ वॅटचा काढून दिला. “सर, हे आता फक्त कोंबडीवाले नेतात अन् समोसेवाले.” दोघांचा हेतू वेगळा असला तरी तंत्र एकच, असं म्हणून मी बल्ब घरी आणला.

पिलामागं दोन वॅट, असा हिशेब आहे. माझ्या नऊ पिलांना अठरा वॅट पुरले असते. साठ म्हणजे आग्रहच झाला. पण आता मी शहाणा झालो होतो. बल्ब दोरीवर ठेवला, हवा तसा वर-खाली करायला. पहिल्या आठवड्यात पिलांना ३५ अंश लागतं, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश उतरवायचं. आमच्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो. तेव्हा जन्मलेल्या पिलाला बल्बची गरज नाही, सावलीची आहे. अख्खा तालुकाच उबवणीला लागलेला असतो. पण फेब्रुवारीतली पहाट वेगळी.

थर्मामीटर आणायला मी निघालो होतो. चाचीनं भिंतीवरूनच अडवलं. थर्मामीटर खोक्यातच आहे म्हणाली, फक्त वाचता आला पाहिजे. पिलं बल्बखाली गोळा होऊन ओरडली तर थंडी. बल्ब खाली घ्या. कडेला पळून चोची वासून धापा टाकायला लागली तर उकाडा. बल्ब वर घ्या. सगळीकडं पसरून, पंख ढिले सोडून, एखादं तंगडी लांब करून झोपली की समजायचं जमलं. त्या रात्री मी दोरी धरून खोक्याशेजारी बसलो. पावणेअकराच्या सुमारास पिलं पसरली. एकानं खरोखरच तंगडी लांब केली. सेवापुस्तिकेत नोंद व्हावी असा तो क्षण होता.

आता त्यांना पाणी प्यायला शिकवलं. एकेकाची चोच हळूच पाण्याला टेकवायची. पिलू दचकतं, चोच वर करतं, आभाळाकडं बघतं आणि घोट घशाखाली उतरतो. एकाला जमलं की बाकीची नक्कल करतात; हे आमच्या शाळेतही होतं, फक्त तिथं आम्ही त्याला कॉपी म्हणायचो. वाटीत पुन्हा कुणी बुडू नये म्हणून ताटलीत नातीच्या गोट्या टाकल्या. पिलं गोट्यांच्या फटीतलं पाणी पिऊ लागली आणि नात दर तासाला गोट्या मोजू लागली.

खोक्यात वर्तमानपत्र अंथरून त्यावर मक्याचा बारीक भरडा टाकला. दोनच दिवस, जास्त दिवस ठेवलं तर गुळगुळीत कागदावर पाय घसरून पिलांच्या तंगड्या फाकतात, मग खाली तूस हवं. पिलांनी आधी भरडा सोडून छापील अक्षरं टिपायला सुरुवात केली. वाक्यामागून वाक्य सोडत ती बरोबर पूर्णविरामावर चोच मारत होती. तेहतीस वर्षं मी पूर्णविरामासाठी घसा कोरडा केला. एकाही विद्यार्थ्यानं तो इतक्या नेमानं उचलला नव्हता.

पिलांचं दुसरं टोक मात्र पुस्तकात थोडक्यात आटोपलेलं असतं. शी वाळून पिसांना चिकटते, दार बंद होतं आणि पिलू फुगून मरतं. उपाय सोपा आहे: कोमट पाणी, कापसाचा बोळा आणि माणूस. एका सकाळी मी चष्मा नाकावर घेऊन एका हिरव्या पिलाची ही सेवा करत असताना माझा जुना विद्यार्थी पेढे घेऊन आला. चांगल्या हुद्द्यावर लागलेला पोरगा. तो दारातच उभा राहिला. मी म्हणालो, “ये, बस, एवढं पुसतो अन् आलो.” तो नम्रपणे म्हणाला, “होऊ द्या सर. आमच्या निबंधांवर पण तुम्ही एवढीच मेहनत घ्यायचे.”

तिसऱ्या रात्री दीड वाजता लाईट गेली. घरात एकदम अंधार आणि खोक्यातून तीच किंकाळी. हिनं पाणी तापवून बाटलीत भरलं, फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवलं. माय वाकळ घेऊन आली आणि पिलांना थेट कुशीत घ्यायला निघाली. तिला आवरेपर्यंत भिंतीपलीकडं कंदील हलला.

“सर, पिल्लां मेरे कू देव. मेरी मुर्गी के नीचे कल ही छे निकले. इसी अंधेरे में सरका देते.”

मग धंद्याचं बोलणं झालं. दीड वाजता, कंदिलाच्या उजेडात, बटई ठरली: पिलं माझी, कोंबडी चाचीची, वाढतील त्यात निम्मी-निम्मी. शेती बटईनं देतात, म्हैस बटईनं देतात. आईपणाची बटई मी पहिल्यांदाच केली. चाचीनं एकेक पिलू मुठीत धरून डालग्यात खालच्या बाजूनं कोंबडीच्या पोटाशी सरकवलं. कोंबडी घशातल्या घशात कुरकुरली, थोडी उचलली, पुन्हा बसली. नऊच्या नऊ आत. किंकाळी जशी बटण दाबून बंद केली.

“अंधेरे में गिनती नई आती उसकू,” चाची म्हणाली. “सुबू देखेंगे.”

सकाळी उजाडायच्या आधीच मी भिंतीवर हजर. डालगं उचललं. कोंबडी उठली आणि तिच्या पोटाखालून आधी तिची सहा तपकिरी, ठिपक्यांची पिलं निघाली. मग एक गुलाबी. मग हिरवं. मग दोन जांभळी. कोंबडीनं मान वाकडी करून एका डोळ्यानं बघितलं. मग दुसऱ्या डोळ्यानं बघितलं. आमच्या आळीत रात्रीतून कुणाच्या घरात असे पंधरा वेगवेगळ्या रंगांचे वारस निघाले असते तर पंचायत बसली असती. कोंबडीनं दोन क्षण विचार केला, मातीत पाय मारला आणि “टुक-टुक-टुक” केलं. पंधराही तिच्या पायाशी धावली.

झालं. वाढपी बेकार झाला.

बेकार माणसानं करायचं काय? मी रोज खुर्ची भिंतीला लावून कोंबडी बघत बसलो. आणि माझ्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. ही बाई वाढतच नाही. चिमणी पिलाच्या चोचीत घास घालते. आपण सगळे चिमणीच्या पंथातले; चिऊचा घास, काऊचा घास करत मोठे झालो. कोंबडीचा घास असं कोणतीच आई म्हणत नाही, कारण कोंबडी घास भरवतच नाही. ती माती उकरते. दाणा दिसला की टुक-टुक करते, तो उचलते, खाली टाकते आणि एक पाऊल मागं सरते. पिलानं टिपला तर ठीक. नाही टिपला तर ती स्वतःच खाते आणि पुढं चालू लागते. आग्रह नाही, ‘एवढंच?’ नाही, ‘माझी शपथ’ नाही. मात्र वारं सुटलं, ढग आला, पिलू नुसतं ‘चीं’ करून कुडकुडलं की आहे तिथं पाय दुमडून बसते आणि पंख सैल सोडते. पंधरा पिलं गडप होतात. एखादं जांभळं डोकं पिसांतून बाहेर येतं, जग बघतं आणि परत आत जातं.

सातव्या दिवशी लसीचा प्रश्न आला. मायची पिढी ज्याला मानमोडी म्हणते तो रोग, म्हणजे रानीखेत, डालगीच्या डालगी रिकामी करतो. त्यावर लासोटा लसीचा एक थेंब पिलाच्या डोळ्यात टाकायचा. रानीखेत हे कुमाऊँमधलं थंड हवेचं सुंदर ठिकाण. १९२७च्या सुमारास हा रोग तिथं आढळला आणि गावाचं नाव रोगाला चिकटलं. साहेबाच्या देशात वर्षभर आधी तो न्यूकॅसलला दिसला होता, म्हणून तिकडं तो न्यूकॅसल. ही माहिती मी दवाखान्यात ऐकवली. समोरचा माणूस शांतपणे म्हणाला, “गुर्जी, कुपी शंभर पिलांची हाय. फोडली की दोन तासांत संपवावी लागती. तुमच्याकडं किती?”

“नऊ. आणि कोंबडीची सहा.”

तो माझ्याकडं बघत राहिला. शेवटी पंचाऐंशी पिलं उसनी गोळा करायची जबाबदारी माझ्यावर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन व्हायच्या आत आमच्या अंगणात आळीतल्या बाया टोपली, डालगी, एक तर पदरातच पिलं घेऊन आल्या. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून थर्मासात घातला, त्यात कुपी. मी जुनं हजेरीपुस्तक काढलं. कुणाची किती, लिहून घेतलं. एक थेंब, एक डोळा, पिलानं डोळा मिचकावला की पुढचं. शेजारच्या पानटपरीवरचे लोक सल्ला द्यायला आले. एकजण म्हणाला, “सर, पाळायचंच होतं तर कडकनाथ पाळायचा. धोनीनं झाबुआहून दोन हजार पिलं मागिवलती.” मी म्हणालो, धोनी शेवटच्या षटकापर्यंत थांबू शकतो, मला दोन तासांत कुपी संपवायची आहे. हजेरी शहाऐंशीवर थांबली. शाळेत एवढी उपस्थिती मला पोषण आहार सुरू झाल्यावरही क्वचितच लाभली होती.

चौथ्या आठवड्यात घार आली. कोंबडीनं आभाळाकडं बघून लांबट, चिरका आवाज काढला. तिची स्वतःची सहा तत्क्षणी तुळशीच्या कुंडीखाली. माझी आठही पंखाखाली पोचली. नववं, सगळ्यात गुलाबी, जुन्या रंगाचे डाग अजून अंगावर मिरवणारं, उघड्यावर राहिलं. कोंबडी घारीच्या अंगावर हातभर उंच उडाली, पण घार तिच्याहून उंच उडते. तपकिरी पिलू मातीत दिसत नाही; गुलाबी आभाळातून दिसतं. जत्रेत नातीला ते ज्या कारणानं आवडलं, त्याच कारणानं घारीलाही आवडलं.

उरलेल्यांचा रंग हळूहळू गळून गेला. गुलाबी, हिरवी, जांभळी सगळी आतून सारखीच पांढरी निघाली. निवडणुकीचे दिवस नव्हते, म्हणून मी त्यावर काही बोललो नाही.

सहाव्या आठवड्यात एके सकाळी भिंतीपलीकडं गोंधळ ऐकू आला. बघतो तर कोंबडी माझ्या हिरव्याच्या, म्हणजे माजी हिरव्याच्या, डोक्यावर टोच मारून त्याला हाकलत होती. ते परत आलं, तिनं परत टोचलं. मग आपल्या सख्ख्या तपकिरीलाही टोचलं. मी चपला न घालता चाचीच्या अंगणात.

“चाची, कोंबडी येडी झाली! लेकरांना मारूलाली!”

“येडी नई हुई सर, फारिग हुई.” चाची भांडी घासता घासता म्हणाली. “अब उनो अपना अपना खाते. इसकू फिर अंडे पे आना है. कब तक पोट्टेच संभालेगी?”

त्याच संध्याकाळी मी नेहमीप्रमाणं पुण्याला धाकट्याला फोन लावला. गेली नऊ वर्षं मी त्याला रोज दोनच प्रश्न विचारतो: जेवलास का, आणि काय जेवलास. त्या दिवशी पहिला प्रश्न ओठावर आला आणि कोंबडी आठवली. तिनं सहा आठवडे घेतले. धाकटा एकतीस वर्षांचा आहे. मी प्रश्न गिळला. फोनवर शांतता पसरली. दोन मिनिटांनी तोच घाबरून म्हणाला, “बाबा, तब्येत बरी आहे ना? जेवलात का तुम्ही?”

दोन महिने झाले तशी आठही पिलांची डोकी लाल व्हायला लागली. तुरे वर आले. चाचीनं एकेकाला उचलून बघितलं आणि खाली सोडलं. आठव्याला सोडताना तिनं तोंडाला पदर लावला.

“सर, आठ के आठ मर्द.”

मग सगळं उलगडलं. अंड्यांच्या जातीतला नर अंडं देत नाही आणि त्याच्या अंगावर मांसही लवकर चढत नाही. धंद्याला तो निकामी. अंड्यातून निघाल्याच्या दिवशीच माद्या वेगळ्या काढतात. एक दिवसाच्या पिलाची मागची बाजू बघून नर-मादी ओळखायची विद्या जपान्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी शोधली. उरलेले नर स्वस्तात जातात आणि रंगून जत्रेत येतात. म्हणजे पहिल्याच दिवशी नापास करून शाळेबाहेर काढलेली पोरं मी शंभर रुपये देऊन आणली होती. माझी सगळी नोकरी नापासांच्या तुकडीवर गेली; टोपलीवाल्यानं माणूस बरोबर ओळखला होता.

त्यांना बांग फुटली तेव्हा मे सुरू झाला होता. आम्ही सगळे गच्चीवर झोपत होतो आणि आठजण पहाटे तीनला उठत होते. एक सुरू झाला की सात अनुमोदन देत. देवळातल्या काकड्याच्या आधी, मशिदीतल्या अजानच्याही आधी. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण मी तेहतीस वर्षं शिकवली. आता आठ डालग्यांखाली आठ झाकून पाहिले. उजाडायच्या दोन तास आधीच म्हण सिद्ध व्हायला लागली. चौथ्या दिवशी काकड्याची मंडळी आणि फजरच्या नमाजाला जाणारी मंडळी एकत्रच माझ्या दारात आली. “सर, तुमचं घड्याळ फार पुढं हाय.” गावात एकमत व्हायला एरवी किती खटपट लागते!

बटईप्रमाणं चार चाचीकडं गेले, चार माझ्याकडं राहिले. आमच्या चौघांना नातीनं नावं ठेवली. नाव ठेवलेलं कोंबडं कापता येत नाही, हा कायदा कुठं लिहिलेला नाही पण घराघरात पाळला जातो. चाचीच्या चौघांना नावं नव्हती. आखाड लागल्यावर एका संध्याकाळी भिंतीवरून झाकलेला डबा आला. हिनं तो नातीपासून लपवून माझ्यापुढं ठेवला. झाकण उघडलं, वास आला आणि मला खोक्यातली ती लांब केलेली तंगडी आठवली. मी म्हणालो, नको. आश्चर्य म्हणजे कुणीच आग्रह केला नाही. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं ‘नको’, जे नको म्हणूनच ऐकलं गेलं.

त्या रात्री नुसतं भाकर, वरण-भात होतं. माय चौऱ्याऐंशी वर्षांची, पण आमची पानं अजून तिच्याच हाताखाली. समोर अंगणात चार पांढरे कोंबडे खुराड्यावर चढून झोपायची जागा ठरवत होते. एक भाकर झाली, भात झाला. मी मनाशी म्हणालो, सहा आठवड्यांचं जाऊ दे, साठाव्या वर्षी तरी माणसानं आपलं आपण टिपावं. कोंबडी हे बोलून दाखवत नाही, टोचून सांगते. मी निदान बोलून तरी बघावं.

“माय, पुरे आता,” मी म्हणालो आणि ताटावर हात आडवा धरला.

मायनं माझ्याकडं बघितलं. आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्या डोळ्यानं. वरणाची पळी उचलली, वाफ बघितली, दया आली असावी, खाली ठेवली. आणि सरळ हातावर भात वाढला.

मी हात काढला. खाली ताट होतंच.